मला एक नंबर द्या, बाकी विसरा

"माझ्या हातातून आजवर एकही बॉल सुटलेला नाही," मार्टिन रुमाव माईकवर म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने दोन्ही तळवे वर करून अख्ख्या हॉलला दाखवले. मंडळाचा दसरा होता. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतल्या एका शाळेचा हॉल, भिंतीवर मुलांनी रंगवलेले कांगारू, कांगारूंच्या गळ्याशी आलेल्या प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, आणि खुर्च्यांवर आयटीतली, बँकेतली, हॉस्पिटलातली मराठी माणसं. पहिल्या रांगेत विश्राम होता, मंडळाचा अध्यक्ष आणि मार्टिनच्या कौन्सिल इलेक्शनचा मॅनेजर. त्याला हे वाक्य फारच आवडलं. त्याच्या हातात बटाटावडा होता. "हे घे मार्टिनभाऊ, कॅच!" म्हणत त्याने तो प्रेमाने भिरकावला. वडा सरळ आला, छातीच्या उंचीवर, कोणीही झेलावा असा. मार्टिनच्या तळव्यावर आपटला, फुटला, आणि त्यातला बटाटा विश्रामच्या बायकोच्या, चित्रलेखाच्या, मोरपिशी पैठणीवर जाऊन बसला. हॉल हसला. मार्टिनही हसला, पण माईकमधून ते हसू खोकल्यासारखं बाहेर पडलं. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. तळव्याला तेल लागलेलं, कानामागे घाम आलेला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "वडा सुटला, पण वॉर्ड सोडणार नाही! मला एक नंबर द्या, बाकी विसरा!" टाळ्यांनी कांगारू हलले. घरी येताना गाडीत त्याची मुलगी जॅनेट म्हणाली, "डॅड, यू कान्ट से दॅट. दे हॅव टू नंबर एव्हरी बॉक्स." इथे चिठ्ठीवर जितके उमेदवार तितके चौकोन असतात आणि सगळ्या चौकोनांत नंबर घालावे लागतात, सगळ्यात आवडता एक, मग दोन, मग तीन, मग चार. चौकोन रिकामे सोडले तर मत बाद. "अगो बाय, त्यांना माहितीये," मार्टिन म्हणाला. "सगळे इंजिनिअर आहेत." जॅनेट म्हणाली, "दॅट्स व्हॉट आय मीन."

आता तो तीन आठवड्यांनंतरच्या एका उकाड्याच्या दुपारी, मतमोजणीसाठी भाड्याने घेतलेल्या गोडाऊनच्या पार्किंगमध्ये, आपल्या कॅमरी गाडीत बसला होता. उमेदवाराला आत जायची परवानगी नसते. आत त्याच्या वतीने नजर ठेवायला जॅनेट गेली होती. शेजारच्या सीटवर विश्राम डब्यातून चिवडा खात होता आणि प्रत्येक बकाण्याला "आपण निघालो पुढे" म्हणत होता. मार्टिन ऐकत नव्हता. तो तळव्याकडे बघत होता. वड्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं, चित्रलेखाला त्याने ड्रायक्लीनिंगचं विचारलंसुद्धा होतं, ती म्हणाली "नो वरीज" आणि त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. पण तो क्षण जात नव्हता. वस्तू हातावर आली, हाताला लागली, आणि बोटं कधी मिटायची ते बोटांना कळलंच नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बॉल येतोय हे बोटांना त्याच्या आधी कळायचं. एखाद्या माणसाने रात्री अंधारात आपल्याच घरात चालताना पायरी चुकावी, तसं झालं होतं, आणि ती पायरी अजून सापडलीच नव्हती.

तीस वर्षं तो एकच गोष्ट समजावत आला होता. बेसबॉल. नाही, क्रिकेटसारखं नाही. कॅचर म्हणजे, बरं, विकेटकीपर समज. हे "विकेटकीपर समज" म्हणताना दर वेळी त्याला आपण आपल्या बापाची शेजारचे काका म्हणून ओळख करून देतोय असं वाटायचं. वसईत शाळेच्या मैदानावर, चर्चच्या मागे, केळीच्या बागेला लागून, एका फादरने पोरांना सॉफ्टबॉल शिकवला होता. मार्टिन त्यात बरा निघाला, मग राज्याच्या बेसबॉल टीममध्ये गेला, ज्या टीमचं नाव ऐकून टीसीने एकदा रिझर्व्हेशनच्या डब्यातून सगळ्यांना उतरवलं होतं, कारण त्याच्या मते असा खेळच नव्हता आणि बॅटी मारामारीच्या होत्या. मग मेलबर्नच्या एका क्लबचं बोलावणं आलं. पगार देऊन. इंडियातून पगारावर आणलेला पहिला बेसबॉल प्लेअर, असं इथल्या लोकल पेपरात छापून आलं होतं, फोटोसकट, फक्त फोटो श्रीलंकेच्या एका हॉकीवाल्याचा होता. दीड सीझन तो खेळला. त्यातला बराचसा वेळ बाकावर. पण ज्या मैदानावर खेळला ते हॅरो पार्क इथून दहा मिनिटांवर होतं, आणि त्या मैदानाचा डायमंड, म्हणजे लाल मातीचा तो चौकोन, चार कोपऱ्यांत चार पांढऱ्या बेस, त्यातली शेवटची म्हणजे होम प्लेट, अजून तिथेच होता. जगात एवढ्या एकाच जागेवर मार्टिन रुमाव कोणीतरी होता. बाकी सगळीकडे तो प्लंबिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीतला सेल्स मॅनेजर होता.

"तू टेन्शन घेऊ नकोस," विश्राम म्हणाला. "टर्फ विकेटने काम केलंय. टर्फ विकेट म्हणजे मास्टरस्ट्रोक."

"हं," मार्टिन म्हणाला.

टर्फ विकेट. हॅरो पार्कचा डायमंड उखडून तिथे क्रिकेटची टर्फ विकेट करायची, नेट लावायचे, पॅव्हिलियन बांधायचा, हे मार्टिनचं पहिलं आश्वासन होतं. विश्रामनेच सुचवलं. मंडळाच्या अंडर-ट्वेल्व्ह टीमला खेळायला जागा नव्हती, गुजराती समाजाला नव्हती, पंजाब्यांना नव्हती, तेलुगूंच्या तर सहा टीम होत्या. "आणि डायमंडवर खेळतं कोण? सात म्हातारे आणि एक कुत्रा," विश्राम म्हणाला होता. ते खरं होतं. कुत्रा चांगला फील्डर होता. मार्टिनने रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणाला. त्याचा हिशेब सोपा होता. आधी निवडून यायचं. टर्फ विकेटच्या जोरावर यायचं. आणि एकदा कौन्सिलमध्ये बसलं की फाईल अशी फिरवायची, इतक्या कमिट्यांमधून, इतक्या रिपोर्टांमधून, की डायमंडला पुढची पन्नास वर्षं कोणी हात लावणार नाही. डायमंड वाचवायचा तर डायमंड मोडायचं वचन द्यायचं. स्वतःला हे समजावताना त्याला ते हुशारीचं वाटलं होतं. मीटिंगमध्ये मात्र "टर्फ विकेट" म्हणताना दर वेळी जिभेवर लाल माती आल्यासारखी व्हायची, कोरडी, थोडी लोखंडी चवीची, होम प्लेटवर घसरून पडल्यावर दातांत जायची तशी. तो पाणी प्यायचा. लोकांना वाटायचं, किती घसा फोडतोय बिचारा आपल्यासाठी.

समोर कॉलिन प्रिचर्ड होता, तीन वेळा निवडून आलेला, कानात केस असलेला, हॅरो पार्कच्या बाबतीत एकच वाक्य बोलणारा माणूस: "द डायमंड स्टेज." म्हणजे, डायमंड हलणार नाही. कॉलिनला बेसबॉलचं काही नव्हतं. कुठलीही गोष्ट आहे तिथेच राहावी एवढंच त्याचं राजकारण. मार्टिनला तो मनातून आवडायचा, ही सगळ्यात अडचणीची गोष्ट होती. प्रचारात दोघांच्या पाट्या कुंपणांवर शेजारीशेजारी लागायच्या. मार्टिनच्या पाटीवर त्याचा फोटो, एक बोट वर केलेलं, नंबर वन. ते बोट म्हणजे त्याच्या डाव्या हाताची तर्जनी, जी खेळताना मोडली होती आणि बसताना वाकडी बसली होती. फोटोत ती वर नाही, बाजूला जात होती. लावणाऱ्या पोरांनी जिथे जिथे त्याची पाटी डावीकडे लावली तिथे तिथे मार्टिन रुमाव हसतमुखाने बोट दाखवून कॉलिन प्रिचर्डला मत द्या असं सांगत उभा होता. विश्रामने धावपळ करून सगळ्या पाट्या उजवीकडे हलवल्या. मग ते बोट एका कसायाच्या दुकानाकडे, एका पेट्रोलपंपाकडे आणि एका दफनविधीच्या ऑफिसकडे जायला लागलं.

ती तर्जनी मोडली त्या दिवशी ज्युलियाना होम प्लेटच्या मागच्या, प्रेक्षकांच्या लाकडी फळ्यांवर बसली होती. लग्नाला चार महिने झालेले. वसईहून येऊन तिला थंडी वाजत होती आणि खेळ कळत नव्हता. डब्यात अंड्याचे सँडविच, मांडीवर ब्लँकेट. थोड्या थोड्या वेळाने ती विचारायची, "झालं का?" आणि शेजारचा कोणीतरी म्हातारा म्हणायचा, "नॉट येट, लव्ह." त्या दिवशी मुख्य कॅचर आजारी पडला म्हणून मार्टिनला उतरवलं. कॅचर म्हणजे मैदानात एकटा असा माणूस ज्याच्यासमोर सगळं मैदान असतं. बाकी आठ जण त्याच्याकडे तोंड करून उभे. आणि त्याचं तोंड जाळीच्या मास्कमागे. सगळे बघताहेत आणि कोणाला दिसत नाही, असं सुख त्याला त्याआधी फक्त कन्फेशन बॉक्समध्ये मिळालं होतं. शेवटी शेवटी समोरच्यांचा एक धिप्पाड रनर तिसऱ्या बेसवरून सुटला, होम प्लेटकडे, सरळ मार्टिनच्या अंगावर. बॉल लांबून येत होता. रनर आणि बॉल एकदमच आले. पुढचं त्याला आठवत नव्हतं, फक्त लाल माती, चामड्याचा आणि तेलाचा वास, आणि पंचाचं वरून आलेलं तोंड. ग्लव्हमध्ये बॉल होता. रनर आउट. लांबून कोणीतरी म्हणालं, "गुड ऑन या, मार्टी!" आणि मग फळ्यांवरून मराठीत, "झालं का?" तो हसला होता. बोट लटकत होतं आणि तो हसला होता. आयुष्यात आपण एकदा पूर्ण जागेवर होतो असं म्हणायचं झालं तर तेव्हा.

ज्युलियाना गेली त्याला आता तीन वर्षं झाली. शेवटी शेवटी हॉस्पिटलात ती बरंच काही विसरली होती, पण एकदा दुपारी, सलाईन बदलत असताना, तिने डोळे न उघडता विचारलं होतं, "झालं का?" आणि मार्टिन "नॉट येट, लव्ह" म्हणाला होता, कारण दुसरं काही सुचलं नाही. नर्सला वाटलं सलाईनबद्दल बोलताहेत. तिनेही सांगितलं, अजून अर्धा तास. तेव्हापासून रविवारी चर्चमधल्या मासनंतर तो हॅरो पार्कवर जाऊन त्या फळ्यांवर बसायचा. प्रार्थना वगैरे नाही. नुसता. सात म्हातारे खेळायचे, कुत्रा बॉल आणायचा. कधी कधी त्याला वाटायचं, आपण इलेक्शनला उभे राहिलो ते या फळ्यांसाठी. हे कोणाला सांगणार? वॉर्डातल्या मतदारांना? पत्रकावर छापणार?

"कॉलिनला दोन नंबर द्यायला सांगायलाच नको होतंस तू," विश्राम मध्येच म्हणाला. त्याला ते अजून खुपत होतं. मार्टिनच्या पत्रकावर, नियमाप्रमाणे, सगळे नंबर भरून दाखवले होते: मार्टिन एक, कॉलिन दोन, कचऱ्याचे डबे दर आठवड्याला उचला म्हणणारी बाई तीन, आणि लस नको म्हणणारा माणूस चार. "ज्या माणसाने आपल्या ढोलाची कंप्लेंट केली त्याला दोन? चित्रलेखा म्हणाली, मी नाही देणार. म्हटलं नको देऊस."

मार्टिनने मान वळवली. "नको देऊस म्हणजे?"

"म्हणजे नको देऊस. तूच म्हणालास ना स्टेजवर. मला एक नंबर द्या, बाकी विसरा. मी ते ग्रुपवर टाकलं. बाकीच्यांनी पुढे पाठवलं, तेलुगूंनी ट्रान्सलेट पण केलं. एकदम पंचलाइन होती यार."

"विश्राम. चौकोन रिकामे सोडले तर मत बाद होतं."

विश्रामचा घास तोंडातच राहिला. "छे," तो म्हणाला. "म्हणजे ज्याला आपण मत देत नाही त्यालाही नंबर द्यायचा? हे काय लॉजिक आहे? तिकडे आपण एक बटण दाबतो, मशीन पीं करतं, संपला विषय." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण काहींनी वाचलं असेल रे. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ना सगळं, बारीक अक्षरात."

"तू वाचलंस?"

विश्रामने चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. त्याने परत काढून लावलं. "मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे," तो म्हणाला. "मी वाचत नाही, मी कळवतो."

मार्टिनला आश्चर्य वाटलं की त्याला राग येत नाहीये. आत काहीतरी हळूहळू बसत होतं, चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाला जावं तसं. त्याला दिसत होतं: घराघरात, डायनिंग टेबलावर, पोस्टाने आलेला लिफाफा. हात धुऊन माणसं बसली असतील. चांगलं पेन घेतलं असेल. त्याच्या नावासमोर एक, ठसठशीत, आणि बाकीच्या चौकोनांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नसेल, जसं लग्नाच्या पंगतीत परक्याच्या पानाकडे बघत नाहीत. याला निष्ठा म्हणतात. एवढी निष्ठा त्याला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. आणि ती त्याने कशाच्या बदल्यात मिळवली होती? जे वचन पाळायचं नाही असं आधीच ठरवलेलं, त्या वचनाच्या बदल्यात. तळवा परत तेलकट वाटायला लागला. त्याने तो पँटला पुसला.

जॅनेट गोडाऊनच्या दारातून बाहेर आली तेव्हा तिच्या चालण्यावरूनच कळलं. ती आईसारखी चालते, वाईट बातमी असली की जास्तच सरळ. खिडकीशी येऊन वाकली. "सॉरी, डॅड. कॉलिन. नॉट बाय मच." मग विश्रामकडे बघून, त्याला कळावं म्हणून मराठीत, सावकाश, "अंकल, बाद मतांचा एक ढीग आहे. कॉलिनच्या ढिगापेक्षा मोठा. सगळ्यांवर डॅडला एक. बाकी ब्लँक."

"सगळ्यांवर?" विश्राम म्हणाला.

"ऑल ऑफ देम. खूप जणांनी वर काहीतरी लिहिलंय. मतं मोजणाऱ्या लेडीने मला विचारलं, व्हॉट्स धिस सिम्बल?"

"काय लिहिलंय?"

"श्री," जॅनेट म्हणाली. "काहींनी क्रॉस काढलाय. आपल्या चर्चवाल्यांनी, आय थिंक. एकावर हळदीचं बोट आहे. शी वॉज वेरी काइंड. ती म्हणाली, इतकी व्यवस्थित बाद मतं आम्ही कधी बघितली नाहीत."

विश्राम गाडीतून उतरला, पार्किंगमध्ये चार पावलं गेला, परत आला, आणि म्हणाला, "आपण अपील करू." "नैतिक विजय आपलाच आहे," तो म्हणाला, आणि चित्रलेखाला फोन लावून कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. जॅनेटने खिडकीतून हात घालून बापाच्या खांद्यावर ठेवला. "आर यू ओके?" मार्टिन म्हणाला, "हो गो बाय. बरंच झालं." आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की खरंच बरं झालं होतं. कॉलिन जिंकला. द डायमंड स्टेज. वचन त्याने दिलं, पाळायची वेळ आली नाही, मोडायचीही नाही. फळ्या राहतील. आपण हरलो आणि जे वाचवायचं होतं ते वाचलं. त्याला एकदम भूक लागली. असं हलकं त्याला तीन वर्षांत वाटलं नव्हतं. देव कधी कधी एखाद्या मूर्ख मॅनेजरच्या रूपात येतो, असं त्याच्या मनात आलं, आणि फादरना हे सांगायला हवं असंही.

तेवढ्यात कॉलिनचा फोन आला. जॅनेटने स्पीकरवर टाकला. "मार्टी, मेट. टफ लक," असं काहीसं सुरू करून कॉलिन बराच वेळ चांगलं बोलला. मग म्हणाला की त्याने तो बाद मतांचा ढीग बाहेरून, काचेतून बघितला. आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. मतं मोजली नाहीत हे ठीक, तो म्हणाला, पण माणसं तर मोजावी लागतात ना. पुढच्या वेळी त्यांना कोणी तरी सगळे चौकोन भरायला शिकवेल, आणि तेव्हा माझं काय होईल? म्हणून त्याने ठरवलं होतं. पहिल्याच मीटिंगला तो टर्फ विकेटचा ठराव आणणार होता. पैसे होते, कॉन्ट्रॅक्टर होता, ख्रिसमसच्या आधी काम सुरू. "युअर आयडिया, मेट. आय'ल गिव्ह यू द क्रेडिट. यू'ल बी अ हीरो." मार्टिनने तोंड उघडलं. सांगायचं होतं की कॉलिन, नको, मी ते खरं म्हटलं नव्हतं. मास्क नव्हता. सगळं मैदान त्याच्याकडे तोंड करून उभं होतं: खिडकीत मुलगी, कुंपणाशी विश्राम, फोनमध्ये कॉलिन, आणि पलीकडे तो सगळा ढीग, श्री लिहिलेला. "थँक यू, कॉलिन," तो म्हणाला. विश्रामने आपल्या फोनवर हात ठेवून विचारलं, "काय म्हणतोय?" जॅनेटने सांगितलं. विश्राम दोन्ही हात वर करून ओरडला. मग त्याने ते ग्रुपवर टाकलं.

मार्टिन दोघांना तिथेच सोडून एकटा निघाला. जॅनेटने "आय'ल कम" म्हटलं, त्याने नको म्हटलं. हॅरो पार्कवर संध्याकाळ व्हायला आली होती, कोणी नव्हतं. दूर रस्त्यापलीकडे कोणाच्या तरी अंगणात बार्बेक्यूचा धूर. त्याने बूट काढले, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि मोज्यांनी लाल मातीवरून चालत होम प्लेटपर्यंत गेला. माती दिवसभराच्या उन्हाने कोमट होती. फळ्यांकडे बघणार नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि तरी एकदा बघितलं. रिकाम्या होत्या. मग तो होम प्लेटच्या मागे गेला आणि कॅचर बसतो तसा उकिडवा बसला, चवड्यांवर, गुडघे फाकवून, डावा हात पुढे. समोर सगळं मैदान. पिचरचा उंचवटा, तिन्ही बेस, मागे गवत, त्याच्या मागे युकॅलिप्टस. काहीतरी येईल असं वाटत होतं. तो वाट बघत राहिला. अंधारायला लागलं तेव्हा तो उठायला गेला, आणि उजवा गुडघा अडकला. डाव्यावर भार दिला, तर तोही. चौपन्न वर्षांचा मार्टिन रुमाव, सूटमध्ये, मोज्यांवर, उकिडवा, ना खाली ना वर. फोन गाडीत होता. त्याने एकदा "हॅलो" अशी हाक मारली, मग लाजेने गप्प बसला. कौन्सिलचे स्प्रिंकलर टायमरवर असतात. ते साडेआठला सुरू झाले.